अँडरसनला नाकारलेले ‘तू’

परीकथाकार हॅन्स ख्रिश्चन अँडरसन याच्या मृत्यूस २०२५ साली दीडशे वर्षे पूर्ण झाली. कुरूप बदकपिल्लू, छोटी जलपरी, राजाची नवी वस्त्रे, आगपेट्या विकणारी मुलगी या त्याच्या कथा ज्याच्या कानांवरून कधीच गेल्या नाहीत, असा सुशिक्षित मराठी माणूस शोधूनच काढावा लागेल. राजहंसाच्या पिलावर ग. दि. माडगूळकरांनी रचलेले गीत तर आपल्या घरांत इतके मुरले आहे की, त्या पिलाचे मूळ तळे डेन्मार्कमध्ये होते हे ऐकून पुष्कळांना नवल वाटते. अशा या लेखकाविषयी अलीकडे एक प्रश्न वारंवार विचारला जातो. तो जन्मभर अविवाहित का राहिला? त्याचे खरे प्रेम पुरुषांवर होते काय?

या प्रश्नावर सामान्यतः दोन प्रकारची उत्तरे ऐकू येतात. पहिला पक्ष म्हणतो की, ज्याच्या कथा मुले वाचतात त्याच्या शयनगृहात डोकावण्याचे प्रयोजन काय? दुसरा पक्ष पत्रांतील चार वाक्ये उचलून त्याला आजच्या एका गटात नेऊन बसवतो आणि विषय संपला असे जाहीर करतो. पहिल्या पक्षाला सभ्यतेचा आधार आहे, दुसऱ्याला न्यायबुद्धीचा. परंतु दोघांच्याही हातून एक गोष्ट निसटते, असे मला वाटते. अँडरसनचे प्रेम कोणावर होते, हे कागदोपत्री बऱ्यापैकी स्पष्ट आहे आणि ते लपवण्याचे काहीही कारण नाही. पण ते प्रेम कोणत्या घरात, कोणाच्या अन्नावर आणि कोणत्या उपकारांच्या ओझ्याखाली वाढले, हे पाहिल्याशिवाय त्याचा अर्थ लागत नाही. अर्थशास्त्राच्या अध्यापकाने परीकथांच्या प्रांतात पाऊल टाकावे, याचे समर्थन करायचे झाले तर ते एवढेच.

अँडरसनचा जन्म २ एप्रिल १८०५ रोजी फ्यून बेटावरील ओडेन्स या गावी झाला. बाप चांभारकाम करणारा. तो १८१६ साली वारला. आई लोकांचे कपडे धुणारी. तिला लिहिता-वाचता येत नव्हते. थंडीत नदीच्या पाण्यात उभी राहून ती कपडे धूत असे आणि अंगात ऊब राहावी म्हणून दारूचा आधार घेत असे. १८३३ साली ओडेन्सच्या अनाथाश्रमवजा धर्मशाळेत ती मरण पावली, तेव्हा मुलगा इटलीच्या प्रवासात होता. पुढे धोबिणीच्या जीवनावर त्याने एक कथा लिहिली आणि तिच्यात ‘ही बाई कुचकामी’ असा शेरा मारणाऱ्या प्रतिष्ठितांनाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले. ती कथा मुलांच्या संग्रहांतून सहसा वगळली जाते.

लहानपणी त्याला काही काळ कापडाच्या कारखान्यात कामाला धाडले होते. त्याचा गळा उंच आणि गोड होता. तो गाऊ लागे तेव्हा कारागीर काम थांबवून ऐकत. मग एके दिवशी त्यांच्यापैकी कोणाला तरी शंका आली की, हा मुलगा नसून मुलगीच असावी. त्यांनी त्याचे हातपाय धरून खात्री करून घेण्याचा प्रयत्न केला; पोरगे किंचाळत घरी पळाले आणि पुन्हा तिकडे फिरकले नाही. हा प्रसंग अँडरसनने स्वतःच आत्मचरित्रात सांगितला आहे. जगाने त्याच्या पुरुषत्वाविषयी केलेली ही पहिली चौकशी. ती शेवटची नव्हती.

वयाच्या चौदाव्या वर्षी, सप्टेंबर १८१९ मध्ये, तो एकटाच कोपनहेगनला आला. राजनाट्यगृहात गायक, नर्तक, नट, जे जमेल ते होण्याची त्याची धडपड तीन वर्षे चालली आणि फसली. तेव्हा नाट्यगृहाचे एक संचालक आणि बडे सरकारी अधिकारी योनास कोलिन यांनी राजाच्या निधीतून त्याच्या शिक्षणाची सोय लावली. सतरा वर्षांचा हा उंच, अवघडलेला मुलगा स्लॅगेल्सच्या शाळेत आपल्याहून कितीतरी लहान मुलांच्या बाकावर जाऊन बसला. मुख्याध्यापक मायस्लिंग त्याला वर्गात सर्वांसमक्ष घालूनपाडून बोलत. त्या शाळेची स्वप्ने त्याला म्हातारपणीही पडत असत.

१८२७ साली तो राजधानीत परतला आणि तेथे त्याने जो जीवनक्रम स्वीकारला तो मराठी वाचकाला समजावून सांगण्याची गरज नाही. आठवड्याच्या वेगवेगळ्या दिवशी वेगवेगळ्या प्रतिष्ठित कुटुंबांत त्याचे जेवण ठरलेले असे. आपल्याकडे याला वार लावून जेवणे म्हणत. पुण्यात शिकलेल्या आपल्या आज्या-पणज्यांच्या पिढीतील कित्येक विद्वान असे वारांवर वाढले. ज्या घरी आपला वार आहे त्या घरातील मुलाशी मैत्री होते, गप्पा रंगतात, घरची मंडळी मायाही करतात. तरीही पानावर बसताना आपण कोण आहोत हे त्या विद्यार्थ्याला पक्के ठाऊक असते. अँडरसनच्या बाबतीत फरक इतकाच की, जगप्रसिद्ध झाल्यावरही त्याचे वार सुटले नाहीत. १८३८ पासून राजाने त्याला वर्षाला ४०० रिग्सडालर इतके तहहयात मानधन दिले, पुस्तकांचे पैसेही येऊ लागले. पण त्याने स्वतःचे घर असे कधी केले नाही. भाड्याच्या खोल्या, परदेशातील हॉटेले आणि दुसऱ्यांची जेवणाची टेबले यांवर त्याचे आयुष्य गेले. कोलिनांच्या घराला तो घरांतले घर म्हणत असे. ज्याला स्वतःचे घर नाही, त्यालाच असे शब्द सुचतात.

या घरातील मुलगा एडवर्ड हा अँडरसनहून तीन वर्षांनी लहान. शांत, व्यवहारी, कायद्याचा अभ्यासक. अँडरसनच्या हस्तलिखितांतील शुद्धलेखन तो सुधारी, मुद्रिते तपासण्यास मदत करी, त्याच्या पैशांचा हिशेब ठेवी. हे सर्व तो प्रामाणिकपणे आणि जन्मभर करीत राहिला, ही गोष्ट एडवर्डवर टीका करणाऱ्यांनी विसरू नये. अँडरसनचा जीव मात्र त्याच्यावर जडला होता. १८३१ साली प्रवासात असताना त्याने एडवर्डला पत्र लिहून एक विनंती केली: आपण एकमेकांना ‘तू’ म्हणू या.

डॅनिश भाषेत आपल्यासारखीच दोन संबोधने आहेत. ‘दू’ म्हणजे तू आणि ‘दी’ म्हणजे तुम्ही. त्या काळी मित्रामित्रांत ‘दू’वर येणे हा एक लहानसा विधीच असे, पेले भिडवून तो साजरा केला जाई. ज्यांच्या भाषेत हा भेद उरलेला नाही, त्या इंग्रज चरित्रकारांना ही विनंती समजावून सांगताना बरीच पाने खर्ची घालावी लागतात. आपल्याला एका क्षणात कळते. अहो-जाहोच्या एका बाजूला ओटी आहे आणि अरे-तुरेच्या बाजूला माजघर. मधला उंबरठा फक्त घरातल्या माणसाने ‘ये’ म्हटल्यावरच ओलांडता येतो.

एडवर्डने ‘ये’ म्हटले नाही. त्याचे उत्तर सौजन्यपूर्ण आहे, आणि म्हणूनच अधिक जिव्हारी लागणारे आहे. काही माणसांना काही क्षुल्लक गोष्टींची उपजत शिसारी असते, असे तो सांगतो. त्याच्या ओळखीच्या एका बाईला पुड्या बांधण्याचा कागद पाहताच मळमळत असे. तसेच काहीसे आपले या ‘तू’विषयी होते. इतर कित्येकांशी तो अरे-तुरे करीत होता. अँडरसनशी मात्र नाही. पुढे चव्वेचाळीस वर्षे त्यांचा पत्रव्यवहार चालला आणि अखेरपर्यंत तो ‘तुम्ही’वरच राहिला.

१८४७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘सावली’ या कथेत अँडरसनने हा कागद नेमका परत केला. त्या कथेत एका विद्वानाची सावली त्याच्यापासून सुटते, जगात वर चढते आणि धनवान होऊन परतते. विद्वान तिला म्हणतो, आपण लहानपणापासून एकत्र आहोत, तर एकमेकांना ‘तू’ म्हणू. सावली उत्तर देते की, काहींना विशिष्ट कागदाचा स्पर्श सहन होत नाही, काहींच्या अंगावर काचेवर खिळा ओढल्याच्या आवाजाने काटा येतो, तुमच्या ‘तू’ने मला तसे होते, मी मात्र तुला ‘तू’ म्हणेन. शेवटी सावलीचा राजकन्येशी विवाह होतो आणि त्या रात्री विद्वानाला मृत्युदंड दिलेला असतो. सोळा वर्षे हा माणूस एक वाक्य मनात धरून होता. अँडरसनच्या खासगी जीवनावर प्रकाश टाकणारा याहून विश्वसनीय पुरावा मला दुसरा दिसत नाही. त्यात कामवासनेचा उल्लेखही नाही आणि तरीही प्रेमभंग व वर्गभेद ही दोन्ही दुःखे त्यात अशी मिसळली आहेत की, ती वेगळी काढता येऊ नयेत.

बाकीचा पुरावाही पाहिला पाहिजे. एडवर्डला लिहिलेल्या पत्रांत तो विरहाने व्याकूळ झालेल्या माणसाच्या भाषेत बोलतो. आपल्या या भावनेत काहीतरी स्त्रीसुलभ आहे, अशी कबुलीही एका पत्रात आहे. १८३६ च्या उन्हाळ्यात एडवर्डचे हेन्रिएट हिच्याशी लग्न झाले. अँडरसन त्या वेळी दूर फ्यूनवर होता. त्यानंतर काही महिन्यांनी, एप्रिल १८३७ मध्ये, ‘छोटी जलपरी’ प्रसिद्ध झाली. राजपुत्राला बुडताना वाचवणारी, त्याच्या जगात प्रवेश मिळावा म्हणून आपला कंठ देऊन टाकणारी आणि मग प्रत्येक पावलाला सुऱ्यांवर चालल्याच्या वेदना सोसत त्याच्याच लग्नात नाचणारी ही मुलगी म्हणजे अँडरसन होय, असे अनेक चरित्रकारांनी म्हटले आहे. तसे म्हणण्याचा मोह होतो, हे खरे. तथापि कथा म्हणजे प्रतिज्ञापत्र नव्हे. मला त्या कथेत अधिक अर्थपूर्ण वाटतो तो विनिमय. वरच्या जगात जाण्यासाठी जलपरीकडून जी किंमत घेतली जाते ती म्हणजे तिचा आवाज, अर्थात ज्या एका गुणामुळे ती कोणीतरी होती तोच. राजपुत्र तिच्यावर माया करतो, तिला आपल्या दाराशी मखमली उशीवर झोपायची परवानगी देतो. दाराशी! कोलिनांच्या घरी वार लावलेल्या माणसाखेरीज हा तपशील दुसऱ्या कोणाला सुचला असता, याची मला शंका आहे.

स्त्रियांवर त्याने प्रेम केलेच नाही, असे मात्र नाही. १८३० साली फॉबोर्गच्या रीबोर्ग फॉइग्ट या तरुणीवर तो अनुरक्त झाला. तिचे लग्न आधीच ठरलेले होते. तिचे एक पत्र असलेली कातडी पिशवी मृत्यूच्या वेळी त्याच्या छातीवर सापडली. एडवर्डची बहीण लुईझ हिच्यामध्येही तो गुंतला होता. सुप्रसिद्ध स्वीडिश गायिका जेनी लिंड हिच्यावर १८४३ साली त्याचे मन जडले आणि त्याच वर्षी ‘बुलबुल’ ही कथा लिहिली गेली. जेनीने त्याला भाऊ मानले. ‘मानलेला भाऊ’ या नात्यात कोणता नकार दडलेला असतो, हे आपल्याकडील महाविद्यालयीन तरुणांना मी सांगण्याची आवश्यकता नाही. जेनीही हलाखीतून वर आलेली होती. त्याने प्रेम केलेल्यांत बहुधा तीच एक अशी, जिच्यासमोर त्याला आपली आई लपवावी लागली नसती.

पुरुषांबाबतचा क्रमही एडवर्डपाशी थांबत नाही. वायमारचा राजपुत्र कार्ल अलेक्झांडर याच्याशी १८४४ पासून त्याचा अत्यंत उत्कट स्नेह होता. श्लेस्विगच्या युद्धाने त्यात खंड पाडला. पुढे, वयाच्या पन्नाशीनंतर, हाराल्ड शार्फ या राजनाट्यगृहातील तरुण नर्तकाच्या सहवासात तो काही काळ खरोखरीच सुखी होता, असे १८६०च्या दशकारंभीच्या दैनंदिनीवरून दिसते. मित्रमंडळींना हे प्रदर्शन वाजवीपेक्षा जास्त वाटले. शार्फ हळूहळू दूर झाला. यांपैकी कोणत्याही नात्यास, स्त्रीशी वा पुरुषाशी, शरीरसंबंधाची जोड मिळाल्याचा पुरावा नाही. १८६७ साली पॅरिसमध्ये तो वेश्यागृहात गेला, तेथील मुलीशी बोलत बसला आणि तसाच परतला, हे त्याच्याच दैनंदिनीत नमूद आहे. तिच्या पानांवर ठिकठिकाणी ज्या फुल्या आढळतात त्या हस्तमैथुनाच्या खुणा असाव्यात, असे अभ्यासक मानतात. हे सर्व १९७१ ते १९७७ या काळात डेन्मार्कमध्ये संपूर्ण दैनंदिनी छापली गेल्यानंतर वाचकांपुढे आले.

मग त्याला समलिंगी म्हणावे की नाही? हा वाद जुना आहे. १९०१ साली मॅग्नस हिर्शफेल्ड यांच्या जर्मन वार्षिकात एका डॅनिश लेखकाने टोपणनावाने लेख लिहून तो तसा होता हे सिद्ध करण्याचा प्रयत्न केला. १९२७ साली हेल्वेग या डॅनिश मानसोपचारतज्ज्ञाने नेमका उलट निष्कर्ष काढला. दोघांच्याही बोलण्यात वकिली आहे. पहिल्याला एक थोर नाव आपल्या बाजूस हवे होते. दुसऱ्याला राष्ट्रीय लेखकावरील कथित डाग पुसायचा होता. अँडरसनने एडवर्डला ‘तू’ मागितले तेव्हा ‘होमोसेक्शुअल’ हा शब्दच अस्तित्वात नव्हता. कर्टबेनी या लेखकाने तो १८६९ साली प्रथम छापला. कृत्य होते, त्याला पाप व गुन्हा ही नावे होती. डेन्मार्कच्या १६८३ च्या कायद्याने त्यासाठी जाळून मारण्याची शिक्षा सांगितली होती, १८६६ च्या दंडसंहितेने तीऐवजी तुरुंगवास आणला आणि १९३३ पासून प्रौढांतील संमतीचा संबंध तेथे गुन्हा राहिला नाही. (आपल्याकडे ही वाट मोकळी होण्यास २०१८ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल उजाडावा लागला.) ज्या मनुष्याला स्वतःसाठी शब्द उपलब्ध नाही, तो स्वतःला काय समजत होता याचा निवाडा आपण परभारे करणे योग्य नव्हे.

परंतु याच युक्तिवादाचा दुरुपयोगही होतो. त्या भावविवश काळात पुरुष एकमेकांना असेच लिहीत, आलिंगने आणि अश्रू यांत काही विशेष नव्हते, असे सांगून सर्व प्रकरण कपाटात बंद केले जाते. हे पटणारे नाही. कारण एडवर्डही त्याच काळाचा होता, त्याच संकेतांत वाढला होता आणि त्याला ही भाषा जड गेली. १८८२ साली प्रसिद्ध केलेल्या अँडरसनविषयीच्या ग्रंथात, त्या उत्कटतेला आपण प्रतिसाद देऊ शकलो नाही आणि त्यापायी लेखकाला यातना झाल्या, हे त्याने स्वतःच मान्य केले आहे. समकालीन आणि सर्वांत जवळच्या साक्षीदाराला जे वेगळे जाणवले, ते वेगळे नव्हतेच असे आपण म्हणणे हा साळसूदपणा झाला. अँडरसनने पुरुषांवर प्रेम केले. हे विधान साध्या मराठीत, आवाज न चढवता आणि न उतरवता करता यावे.

शिक्षकांचा प्रश्न येथे उभा राहतो. सातवी-आठवीच्या वर्गात कोणी या फुल्यांची चर्चा करावी, असे मी सुचवत नाही. पण महाविद्यालयात अँडरसन शिकवताना ‘त्याचे प्रेमात वारंवार अपयश आले’ एवढ्या गुळमुळीत वाक्यावर प्रकरण मिटवण्याची जी पद्धत आहे, ती सोडली पाहिजे. कोणावरील प्रेमात, हे त्या वाक्यात कोठेच नसते. साठ-सत्तर मुलांच्या वर्गात कोणीतरी एक असा असतो की, ज्याला ते नाव ऐकण्याची गरज असते. आपण गाळलेल्या नावाचा अर्थ त्याला बरोबर समजतो. आणि त्याच वर्गात, शुल्कमाफीवर शिकणारा आणि मित्राच्या दिवाणखान्यात खुर्चीच्या कडेवर बसणारा दुसराही कोणी असतो. अँडरसन या दोघांचाही आहे. पैकी एकाचे नाव घेऊन दुसऱ्याला वगळण्याची चूक हल्लीचे उत्साही भाष्यकार करतात. बदकपिलाची कथा ते केवळ वेगळेपणाची कथा म्हणून सांगतात. त्या कथेतील बोचरी गोष्ट अशी की, पिलाची सुटका त्याच्या कष्टांनी होत नाही. ते राजहंसाच्याच अंड्यातून निघालेले असते, म्हणून होते. धोबिणीच्या मुलाने असे लिहावे, यात त्याच्या काळातील कुलीनतेविषयी किती हेवा आणि किती उपहास आहे, हे मला अद्याप ठरवता आलेले नाही.

त्याची अखेरची वर्षे बव्हंशी मेल्किऑर या व्यापारी कुटुंबाच्या आश्रयाने गेली. म्हणजे शेवटचा वारही दुसऱ्याच्याच घरी. ४ ऑगस्ट १८७५ रोजी त्याच कुटुंबाच्या कोपनहेगनजवळील घरी यकृताच्या कर्करोगाने तो मरण पावला. मृत्युपत्रान्वये त्याच्या मालमत्तेचा मुख्य वारस एडवर्ड कोलिन ठरला. एडवर्ड १८८६ मध्ये वारला, हेन्रिएट १८९४ मध्ये, आणि कोपनहेगनच्या असिस्टेन्स दफनभूमीत त्या दोघांना अँडरसनशेजारी, एकाच जागेत पुरण्यात आले. पुढे नातलगांनी पतिपत्नीचे अवशेष कोलिन घराण्याच्या दफनस्थानी हलवले. आज त्या दगडावर एकच नाव आहे.